झूम केल्यावर दुसरंच कलम उघडतं: रत्नागिरीतल्या एका बाग-नोंदणी अ‍ॅपचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या आसपास एका कुटुंबाची हापूसची बाग आहे. सलग नाही. एक तुकडा कातळावर, एक उतारावर आणि एक खाली वहाळाच्या कडेला. पहिल्या दोन तुकड्यांत जुनी कलमं, म्हणजे कलम करून वाढवलेली आंब्याची झाडं, दहा-दहा मीटरवर लावलेली, तिसऱ्यात अलीकडची घन लागवड, पाच-पाच मीटरवर. प्रत्येक खोडाला पत्र्याचा नंबर ठोकलेला. कुठल्या कलमाला कधी फवारणी झाली, कुठल्याला मोहोर उशिरा आला, किती फळ उतरलं, हे सगळं मुकादमाच्या वहीत असायचं आणि वही पावसात भिजायची.

कलमागणिक नोंद कशासाठी, असा प्रश्न बागेबाहेरच्या माणसाला पडेल. हापूस एक वर्ष भरघोस येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. त्यावर उपाय म्हणून कोकणात पॅक्लोब्युट्राझॉल देतात. बागेत त्याला सगळे कल्टारच म्हणतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या विस्ताराच्या आत गोलाकार लहान खड्डे घेऊन त्यात द्रावण ओततात. मात्रा विस्ताराच्या व्यासावर ठरते, म्हणजे प्रत्येक कलमाची वेगळी. हे औषध जमिनीत बराच काळ टिकतं. एकाच कलमाला चुकून दोनदा दिलं, तर पालवी आखूड येते, फांद्यांची वाढ खुंटते आणि ते झाड सावरायला वेळ लागतो. त्यामुळे ‘या कलमाला दिलं की नाही’ या नोंदीत चूक चालत नाही.

या बागेसाठी रत्नागिरी शहरातल्या दोघांच्या टीमने अँड्रॉइड अ‍ॅप बनवलं. एक डेव्हलपर, कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहिणारा. दुसरी डिझाईन आणि टेस्टिंग बघणारी. उन्हाळ्यात ड्रोनने घेतलेला बागेचा फोटो तळाशी, त्यावर प्रत्येक कलमासाठी एक गोल. गोलावर बोट ठेवलं की त्या कलमाचं कार्ड उघडतं, त्यात नोंद करायची. बागेत रेंज धड नसते, म्हणून सगळा डेटा फोनमध्येच साठतो आणि घरी आल्यावर वर चढतो. कल्पना चांगली होती आणि कामही मन लावून केलेलं होतं. तक्रारी सुरू झाल्यावर बाहेरून कोड बघायला त्यांनी मला बोलावलं, त्यामुळे हे प्रकरण मला आतून बघता आलं. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

काय घडलं

कल्टार देण्याचं काम सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एका सकाळी गडी औषधाची बादली घेऊन उतारावरच्या तुकड्यात गेले. अ‍ॅपमध्ये एका ओळीतली काही कलमं ‘बाकी’ दिसत होती. मुकादम खाली वाकले आणि थांबले. खोडाभोवतीचे खड्डे ताजे होते.

त्यांनी टेस्टिंगवालीला फोन केला. “ताई, ह्या कलमांना दिलेलं आहे. माती अजून बसलेली नाही. तुमचं अ‍ॅप म्हणतंय बाकी.” मग थोड्या वेळाने पुन्हा फोन, या वेळी जास्त नेमका: “मी बोट ठेवतोय एका कलमावर नि उघडतंय भलतंच. नंबर बघितला म्हणून कळलं.”

मुकादमांनी खाली वाकून माती बघितली नसती, तर त्या ओळीला दुसरी मात्रा गेली असती. सगळ्या प्रकरणात मला ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. अ‍ॅप बंद पडलं नव्हतं, कुठे लाल चौकट आली नव्हती, नोंद व्यवस्थित सेव्ह होत होती. फक्त ती दुसऱ्या कलमाच्या नावावर जात होती.

पाऊस की कोड

पहिला संशय पावसावर गेला, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. फोनचा पडदा बोटामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखतो. पाणीही वीज वाहून नेतं; त्यात किनाऱ्यावरची खारी हवा आणि घामेजलेले हात. ओल्या पडद्यावर थेंबाचा स्पर्श होतो, बोटाचा होत नाही, असं खरोखर घडतं. शिवाय इथे फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. गड्यांची आणखी एक तक्रार होती, ‘कधीकधी बोट घेतच नाही’. तीही पावसाच्या बाजूने साक्ष देत होती. डेव्हलपरने पिशव्या बदलायला सांगितलं, बोट पुसायला कापड द्यायला सांगितलं, आणि त्यात दिवस गेले.

इथे निर्णयाचा पहिला टप्पा येतो. दोन कारणांपैकी कुठलं खरं, हे ठरवायला एक साधा प्रयोग पुरेसा होता: कोरडा फोन, कोरडं बोट, ऑफिसचं टेबल, आणि झूम. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ नावाची सोय असते. ती चालू केली की बोट जिथे टेकतं तिथे आडवी-उभी रेघ येते आणि वर आकडे दिसतात. प्रयोग केला. रेघा बरोबर बोटाखाली, आणि कार्ड दुसऱ्याच कलमाचं.

त्याहून बोलकी होती चुकीची तऱ्हा. झूम न करता सगळं बरोबर. झूम वाढवला की चूक वाढते. पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याजवळ ती कमी, उजव्या-खालच्या कोपऱ्याकडे जास्त. पाण्याचे थेंब असा हिशोब ठेवून पडत नाहीत.

दोष नेमका कुठे होता

अँड्रॉइडमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक घटकाला व्ह्यू म्हणतात, आणि पोटात इतर व्ह्यू ठेवणाऱ्याला व्ह्यूग्रुप. बागेचा पडदा म्हणजे फ्रेमलेआऊट या तयार घटकापासून बनवलेला एक व्ह्यूग्रुप होता. त्याला आपण बागव्ह्यू म्हणू. प्रत्येक कलम हा त्याच्या पोटातला वेगळा छोटा व्ह्यू, स्वतःच्या क्लिक लिसनरसकट, म्हणजे बोट टेकल्यावर चालणाऱ्या कोडसकट. झूमसाठी डेव्हलपरने बागव्ह्यूची डिस्पॅचड्रॉ मेथड (पोटातले व्ह्यू रंगवणारा कोड) ओव्हरराइड केली होती, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहिली होती. तिथे कॅनव्हास, म्हणजे ज्यावर चित्र रंगतं तो पृष्ठभाग, सरकवायचा, कॅनव्हास स्केल करायचा आणि मग मुलांना, म्हणजे पोटातल्या व्ह्यूंना, रंगवू द्यायचं. चित्र झकास मोठं व्हायचं.

पण कॅनव्हासचं स्केल फक्त रंगवण्याला माहीत असतं. टच कुणाला द्यायचा हे ठरवताना व्ह्यूग्रुप मुलाची लेआऊटमधली चौकट बघतो, आणि त्या मुलाला स्वतःचा मॅट्रिक्स (सरकवणं-मोठं करणं मांडणारं गणित) असेल तर त्याचा व्यस्त, म्हणजे तेच गणित उलटं, लावून बघतो. कॅनव्हासला काय केलं याची त्याला दादही नसते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी बाग एक आणि बोटाला लागणारी बाग दुसरी, एकावर एक ठेवलेल्या.

आकडे घालून बघू. समजा स्केल १ असताना कलमं १२० पिक्सेल अंतरावर आहेत. तिसऱ्या स्तंभातलं, दुसऱ्या ओळीतलं कलम (३६०, २४०) वर येतं. स्केल २ केलं, सरकवलं काहीच नाही, तर तेच कलम (७२०, ४८०) वर दिसेल. गडी तिथे बोट ठेवणार. पण मूळ मांडणीत (७२०, ४८०) वर सहाव्या स्तंभातलं, चौथ्या ओळीतलं कलम आहे. उघडतं ते.

आता स्केल दीडपट करा. पहिल्या स्तंभातलं, पहिल्या ओळीतलं कलम (१८०, १८०) वर दिसतं. मूळ मांडणीत ती जागा चार कलमांच्या मधली मोकळी जमीन. तिथे काहीच उघडत नाही. ‘बोट घेतच नाही’ ही तक्रार इथून आली होती.

बाग चौकोनी आखणीची नसती, तर हा दोष पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. इथे प्रत्येक चुकीच्या जागी दुसरं कलम हजर होतं, त्याच रंगाचं, त्याच आकाराचं. माझ्या मते या प्रकारच्या दोषाचा खरा धोका हाच आहे: नियमित जाळीत चुकीचं उत्तरही बरोबर उत्तरासारखं दिसतं. थिएटरच्या सीटा, गोदामातले कप्पे, आठवड्याचं वेळापत्रक, अशा कुठल्याही अ‍ॅपमध्ये हेच होईल.

आणि टेस्ट? टेस्ट होत्या, आणि सगळ्या हिरव्या होत्या. एस्प्रेसो या अँड्रॉइडच्या टेस्टिंग साधनाची टेस्ट एका कलमावर क्लिक करायची आणि कार्ड उघडलं का ते बघायची. एस्प्रेसो क्लिकची जागा काढतो ती व्ह्यू पडद्यावर कुठे आहे हे व्ह्यूलाच विचारून; आणि व्ह्यूला कॅनव्हासच्या स्केलची कल्पना नसते. त्यामुळे टेस्ट न दिसणाऱ्या जागी बोट ठेवत होती आणि न दिसणाऱ्या बागेतलं बरोबर कलम उघडत होती. टॉकबॅक, म्हणजे अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, चालू केलं असतं तर त्याची चौकटही मूळ जागीच उमटली असती, गोलापासून लांब, आणि तिथे कुणाच्या तरी नजरेला आलं असतं. टॉकबॅक मात्र कुणी लावून बघितलं नव्हतं.

पर्याय

टेबलावर चार पर्याय आले.

पहिला: सगळी कलमं एका आतल्या कंटेनरमध्ये ठेवायची आणि स्केल त्या कंटेनरच्या स्केलएक्स, स्केलवाय या गुणधर्मांना द्यायचं. हे गुणधर्म अँड्रॉइड ३.० मध्ये, २०११ साली आले. त्याआधीच्या स्केल अ‍ॅनिमेशनमध्ये चित्र हलायचं आणि टचची जागा तिथेच राहायची. नव्या गुणधर्मांत व्ह्यूग्रुप टच देताना मुलाचा व्यस्त मॅट्रिक्स आपोआप लावतो. कोड सर्वांत कमी. पण यात दोन खाचा आहेत. स्केलचा आधारबिंदू मुळात व्ह्यूच्या मध्यावर असतो. तो हाताने ठरवला नाही तर बाग भलतीकडून फुगते. दुसरी जास्त फसवी. आतला कंटेनर पडद्याएवढाच मोजला गेला आणि कलमं त्याच्या चौकटीबाहेर गेली, तर क्लिपिंग (चौकटीबाहेरचं कापून टाकणं) बंद करून ती दिसतील, पण टच घेणार नाहीत, कारण टच आधी कंटेनरच्या चौकटीत बसावा लागतो. कंटेनर पूर्ण बागेएवढा मोजावा लागतो.

दुसरा: रंगवणं आहे तसं ठेवायचं आणि येणारा टच मुलांना देण्याआधी व्यस्त मॅट्रिक्समधून काढायचा. मोशनइव्हेंटची, म्हणजे बोटाच्या हालचालीची नोंद असलेल्या घटनेची, प्रत घ्यायची, तिच्यावर ट्रान्सफॉर्म मेथड चालवायची, ती प्रत पुढे द्यायची, काम झालं की रिसायकल करायची. बदल थोडक्या ओळींचा. मात्र एकाच गेस्चरमध्ये (बोट टेकल्यापासून उचलेपर्यंतच्या हालचालीत) दोन मोजपट्ट्या चालू होतात, पडद्याची आणि बागेची, आणि कोण कुठली वापरतंय हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

तिसरा: कलमांचे वेगळे व्ह्यू काढूनच टाकायचे. एकच व्ह्यू सगळी बाग रंगवेल. बोट टेकलं की तो बिंदू व्यस्त मॅट्रिक्समधून बागेच्या मापात आणायचा आणि सर्वांत जवळचं कलम शोधायचं. काम जास्त, टॉकबॅकसाठी एक्सप्लोअरबायटचहेल्पर नावाचा मदतनीस कोड वेगळा बसवावा लागतो. पण बोटाला किती सूट द्यायची, दोन कलमांमध्ये गोंधळ असेल तर काय करायचं, हे सगळं आपल्या हातात येतं.

चौथा, तयार नकाशा लायब्ररी, यावर फार बोलणं झालं नाही. ड्रोनचा फोटो नकाशावर नेमका बसवणं, ऑफलाइन तुकडे बनवणं, हे भर हंगामात कुणालाच नको होतं.

डेव्हलपरचा कल पहिल्याकडे होता, माझा तिसऱ्याकडे. पहिल्याविरुद्ध माझा मुद्दा असा की त्यात चूक दुरुस्त होते, पण बोटाचा प्रश्न सुटत नाही. बाग लांबून बघताना गोल बारीक होतात आणि बोटाची जाडी तेवढीच राहते. गूगलची शिफारस टचची जागा किमान ४८ डीपी (पिक्सेलच्या दाटीवर अवलंबून नसलेलं अँड्रॉइडचं माप) असावी अशी आहे, अ‍ॅपलची ४४ पॉइंट. कंटेनरबरोबर आकसणारा गोल ही अट पाळू शकत नाही.

हंगामातला निर्णय

कोडच्या आधी एक निर्णय घ्यावा लागला, आणि तो टेस्टिंगवालीने घेतला: कल्टारची नोंद अ‍ॅपमध्ये त्या दिवसापासून बंद, पुन्हा वहीत. डेव्हलपरला हे जड गेलं. दुरुस्ती एका दिवसाची आहे, तोवर गड्यांना ‘झूम करू नका’ सांगू, असं त्याचं म्हणणं होतं. पण पाच मीटरवरच्या घन लागवडीत झूम केल्याशिवाय बोट ठेवताच येत नाही. जो नियम पाळणं शक्य नाही तो सांगून जबाबदारी फक्त गड्यांवर ढकलली जाते. तिचा निर्णय बरोबर होता, आणि तो तिने बागायतदारांना स्वतः फोन करून सांगितला, हे त्याहून बरोबर.

मग आधीच्या नोंदींचं काय? प्रत्येक नोंदीत कलमाचा नंबर आणि वेळ एवढंच साठत होतं. बोट पडद्यावर कुठे टेकलं आणि तेव्हा स्केल किती होतं हे साठत असतं, तर खरं कलम गणिताने परत काढता आलं असतं. ते नव्हतं. शेवटी मुकादमांनी दोन गडी घेऊन तिन्ही तुकडे पायी फिरून ताजे खड्डे बघितले आणि वहीत खुणा केल्या. मधल्या पावसाने काही ठिकाणी माती बसली होती. जिथे खात्री झाली नाही, तिथे यंदा औषध द्यायचं नाही असं ठरलं. एक वर्ष कमी फळ चालेल, पण दुप्पट मात्रा नको.

तात्पुरत्या दुरुस्तीतून आलेली अडचण

फवारणीच्या आणि साफसफाईच्या नोंदी अ‍ॅपमध्ये चालू ठेवायच्या होत्या, म्हणून दुसरा पर्याय लगेच बसवला. चुकीचं कलम उघडणं थांबलं. पण बाग सरकवणं बिघडलं: बोटामागे ती निम्म्याच वेगाने, हिसके देत यायची.

कारण असं की प्रत अगदी वरच्या पातळीवर बदलली जात होती, त्यामुळे सरकवण्याचा हिशोबही बागेच्या मापात होऊ लागला. बोट १० पिक्सेल सरकलं, बाग १० सरकली. आता बागेच्या मापात बोट जिथे होतं तिथेच आहे. पुढची १० आली तेव्हा हिशोबाला फरक शून्य दिसला, बाग थांबली. त्याच्या पुढची आली तेव्हा पुन्हा १० दिसली. एक घटना हलते, दुसरी अडते. ज्याला सरकवायचं त्याच्याच मापात सरकणं मोजलं की हे होणारच.

दुसरा परिणाम जास्त लपलेला होता. बोट किती हललं म्हणजे तो टॅप न राहता सरकवणं समजायचं, यासाठी अँड्रॉइड टच-स्लॉप नावाची मर्यादा देतो; ती साधारण ८ डीपी असते. बागेच्या मापात मोजलं तर ४ पट झूममध्ये पडद्यावरचे ३२ डीपी म्हणजे बागेतले ८. म्हणजे बोट जवळजवळ अर्धा सेंटिमीटर घसरलं तरी तो टॅपच. ओल्या पडद्यावर बोट घसरतंच. सरकवायला गेलं की कार्ड उघडायचं.

उपाय एका वाक्याचा आहे: बोटाची हालचाल पडद्याच्या मापात मोजायची, बोटाचं लक्ष्य बागेच्या मापात शोधायचं. पिंच (दोन बोटांनी झूम) आणि सरकवणं ओळखणाऱ्या डिटेक्टरना मूळ घटना द्यायची; व्यस्त मॅट्रिक्स फक्त मुलांना जाणाऱ्या प्रतीला, आणि तोही बोट टेकताना जो होता तोच, बोट उचलेपर्यंत. हा बदल केल्यावर हंगाम निभावला.

पावसाळ्यानंतरची फेरबांधणी

गणपती झाल्यावर बागेत थोडी उसंत असते. त्या काळात तिसरा पर्याय बांधला. आता बागेची सगळी मापं मीटरमध्ये आहेत आणि बाग ते पडदा असा एकच मॅट्रिक्स आहे. रंगवणं त्यातून होतं आणि टच त्याच्या व्यस्तातून. स्केल दुसरीकडे कुठेही साठवलेलं नाही. पिंच करताना मॅट्रिक्सवर पोस्टस्केल (स्केल बदलणारी मेथड) लावताना दोन बोटांमधला मध्यबिंदू दिला, म्हणजे बोटांखालचं कलम बोटांखालीच राहतं. किमान आणि कमाल स्केल बांधून टाकलं, त्यामुळे व्यस्त निघत नाही अशी वेळ येत नाही.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती जवळचं कलम शोधण्यावर. बोटाच्या बिंदूपासून पडद्यावरच्या २४ डीपी त्रिज्येत जे जवळचं, ते घ्यायचं. ही त्रिज्या चालू स्केलने भागून मीटरमध्ये आणायची. पण कलमंच पडद्यावर ४८ डीपीपेक्षा जवळ आली तर? ३६० डीपी रुंदीच्या फोनवर ४८ डीपीला एक याप्रमाणे आडवी सात-साडेसात कलमं मावतात. म्हणजे जुन्या बागेत पडद्यावर ७५ मीटरपेक्षा जास्त रुंदी दिसत असेल, किंवा घन लागवडीत ३७ मीटरपेक्षा जास्त, तर बोटाने नेमकं कलम निवडणं हा अंदाजच असतो. ठरलं असं की त्या पातळीवर टॅप केला तर कार्ड उघडायचं नाही; तिथे झूम करून आत न्यायचं, आणि मग पुन्हा बोट ठेवायचं. डेव्हलपरला एक टॅप वाढल्याची काळजी होती. मुकादमांना विचारलं. “काका, दोनदा बोट ठेवायला लागेल, चालेल?” ते म्हणाले, “दोनदा ठेवू, पण तेच उघडू दे.”

डबल-टॅपने झूम ही सोय मात्र काढून टाकली. ती असली की एका टॅपची खात्री व्हायला अ‍ॅपला ३०० मिलिसेकंद थांबावं लागतं, दुसरा टॅप येतो का ते बघायला. गड्यांना वाटायचं बोट लागलंच नाही, ते पुन्हा ठेवायचे, आणि तोच डबल-टॅप होऊन बाग उडी मारायची. आता बोट उचललं की लगेच कार्ड.

कार्डावर कलमाचा नंबर सर्वांत मोठ्या अक्षरात आहे, आणि त्या कलमाभोवती चित्रात ठळक कडं उमटतं. कल्टारच्या नोंदीला ‘हेच कलम’ हे वेगळं बटण दाबावं लागतं. खोडावरचा नंबर टाइप करायला लावावा असा एक विचार होता. भिजलेल्या हातांनी आकडे टाइप करताना नव्या चुका होतील म्हणून तो सोडला. याबद्दल मी अजूनही पूर्ण निर्धास्त नाही. सवयीने न बघता बटण दाबलं जाऊ शकतं.

टेस्ट नव्याने लिहिल्या. वेगवेगळी स्केल, वेगवेगळं सरकवणं. प्रत्येक कलमाचा बिंदू पडद्यावर न्यायचा, परत आणायचा, आणि तोच नंबर मिळतो का बघायचं. कार्ड उघडलं एवढ्यावर टेस्ट पास होत नाही. शिवाय टेस्टची बाग मुद्दाम वेडीवाकडी ठेवली आहे, कुठे दाट, कुठे विरळ, म्हणजे चूक झाली तर ती शेजारच्या कलमामागे लपणार नाही.

परिणाम

पुढच्या जुलैत कल्टारची नोंद पुन्हा अ‍ॅपवर आली. पहिला आठवडा मुकादमांनी वहीही चालू ठेवली आणि रोज संध्याकाळी दोन्ही ताडून बघितली. नोंदी जुळत गेल्या तशी वही कपाटात गेली. आदल्या वर्षी शंकेमुळे सोडलेल्या कलमांना या वर्षी मात्रा मिळाली. प्रत्येक नोंदीबरोबर आता बोटाचा पडद्यावरचा बिंदू आणि तेव्हाचा मॅट्रिक्स साठवला जातो. जागा नगण्य लागते.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सर्वांत महागात पडलं ते अ‍ॅप सुरू करायची वेळ. पहिली खरी नोंद कल्टारची होती, म्हणजे जिथे चूक अजिबात नको होती तिथूनच सुरुवात. मे महिन्यात काढणीच्या नोंदींवर अ‍ॅप वापरून बघितलं असतं, तर एखादी पेटी दुसऱ्या कलमाच्या नावावर गेली असती, आणि तेवढ्यावर भागलं असतं.

दुसरं, ऑफिसमध्ये अ‍ॅप तपासताना स्केल नेहमी १ होतं, कारण टेस्टची बाग छोटी होती आणि पडद्यात मावत होती. झूम तपासला गेला तो ‘चित्र मोठं होतं का’ एवढ्यापुरता. झूम केलेल्या स्थितीत टॅप, सरकवल्यावर टॅप, पिंच करता करता एक बोट उचलून लगेच टॅप, अशा जोड्या तपासायला हव्या होत्या.

फ्लटर किंवा कंपोझ ही अ‍ॅप बनवायची दुसरी साधनं वापरली असती तर हे टळलं असतं का, असं टीमने विचारलं. अर्धवट. फ्लटरचं ट्रान्सफॉर्म विजेट हिट-टेस्टही, म्हणजे बोट कशावर टेकलं हे ठरवणंही, बदलतं, आणि इंटरॅक्टिव्हव्ह्यूअरच्या कंट्रोलरकडे पडद्यावरचा बिंदू चित्राच्या मापात आणणारी टूसीन मेथड आहे. कंपोझमध्ये ग्राफिक्सलेयरला दिलेलं स्केल टचला कळतं. पण दोन्हीकडे रंगवण्याच्या आत, कॅनव्हासवर हाताने स्केल केलं, की दोन बागा पुन्हा वेगळ्या होतात. डेव्हलपरने मग फ्लटरमध्ये छोटा नमुना करून हे स्वतः तपासून बघितलं.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढलं की ते ‘मागे’ जाणं समजलं जातं. बागेच्या कडेची ओळ पडद्याच्या कडेला आली आणि तिथून सरकवायला गेलं, की अ‍ॅप मागच्या पानावर जातं. काठाचा काही भाग या गेस्चरमधून वगळता येतो, पण प्रत्येक बाजूला उंचीने २०० डीपीपर्यंतच, आणि बाग तर पूर्ण पडद्याची. सध्याचा विचार असा की सरकवण्याची मर्यादा थोडी वाढवून शेवटच्या ओळीलाही पडद्याच्या मध्यापर्यंत आणता यावं. टेस्टिंगवाली ते मोहोराच्या फवारणीआधी बागेत नेऊन बघणार आहे.